जुनं ॲनालॉग मॉड्यूल घेण्याआधी: खानदेशातल्या कीबोर्डवाल्यांसाठी

जळगाव-धुळ्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारी आणि अहिराणी गाण्यांचे ट्रॅक घरच्या घरी बनवणारी तरुण मंडळी हल्ली विचारतात: भाऊ, जुनं ॲनालॉग मॉड्यूल घेऊ का? ते खरंच वेगळं वाजतं का? वाजतं. नेहमीच्या कीबोर्डशेजारी ठेवून एक सूर लांबवला तरी फरक कळतो. पण तो फरक नेमका कशात आहे हे कानाला ओळखता आलं पाहिजे. नाहीतर नाव ऐकून पैसे जातात आणि घरी येतो निम्मा बंद पडलेला डबा. शिवाय आपल्याकडचं ऊन आणि गावाकडची वर-खाली होणारी लाइन यांचा विचार परदेशातल्या व्हिडिओंमध्ये नसतो. मी या सगळ्यातून गेलो आहे, म्हणून क्रमाने लिहितो.

१. आत काय चालतं ते आधी समजून घ्या

मॉड्यूल म्हणजे पट्ट्या नसलेला सिंथेसायझर. आवाज तो काढतो, वाजवायचं आपल्या कीबोर्डवरून. १९७४ मध्ये टॉम ओबरहाइम यांनी एसईएम नावाचा छोटा डबा काढला, तो आधीच असलेल्या सिंथला जोड म्हणूनच. १९८३ मध्ये मिडी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना सूर कळवायची ठरलेली पद्धत, आली आणि एका कंपनीच्या कीबोर्डवरून दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल वाजवणं सोपं झालं. मग रोलँड, कॉर्ग, ओबरहाइम अशा सगळ्यांनीच पट्ट्या काढून टाकलेली मॉड्यूलं बाजारात आणली.

आत मुख्य भाग चार. ऑसिलेटर मूळ लहर काढतो. फिल्टर तिच्यातला वरचा झगझगाट कापतो. ॲम्प्लिफायर आवाज लहान-मोठा करतो. आणि हे सगळं किती झटकन किंवा किती सावकाश घडायचं ते एन्व्हलप ठरवतो. तुमच्या आजच्या कीबोर्डमध्ये आधीच रेकॉर्ड केलेला नमुना वाजतो, दर वेळी तोच. इथे पट्टी दाबली की सर्किटमधून आवाज नव्याने निघतो. सहा व्हॉइसचं, म्हणजे एका वेळी सहा सूर काढणारं, मॉड्यूल असेल तर सहा वेगळी सर्किटं असतात, आणि प्रत्येकातल्या सुट्या भागांत बारीकसा फरक असतो. जुन्या मॉड्यूलचा स्वभाव म्हणतात तो मुख्यतः दोन गोष्टींतून येतो: फिल्टरमधून, आणि व्हॉइस एकमेकींशी शंभर टक्के न जुळण्यातून. पारखताना या दोन गोष्टींवर कान ठेवायचा.

२. उन्हाळ्याचा विचार करून प्रकार ठरवा

ऑसिलेटर दोन प्रकारचे असतात, व्हीसीओ आणि डीसीओ. खानदेशात राहणाऱ्याने हा फरक नीट समजून घ्यायलाच हवा.

व्हीसीओमध्ये सूर व्होल्टेजवर ठरतो, आणि व्होल्टेजपासून सूर काढणारे ट्रान्झिस्टर तापमानाला फार हळवे असतात. भरपाईची सोय नसेल तर एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.३३ टक्के फरक पडतो. खोली दहा अंशांनी तापली तर एका सप्तकाच्या अंतरात जवळपास ४० सेंटची चूक होते. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंटचं अंतर असतं, म्हणजे हे बेसूर कोणालाही ऐकू येईल. ही चूक भरून काढायला बनवणाऱ्यांनी तापमानाबरोबर बदलणारे खास रेझिस्टर लावलेले असतात, काही मॉड्यूलना स्वतःला ट्यून करण्याचं बटणही असतं. तरी चाळीस वर्षांनंतर ही सोय किती काम करते ते त्या त्या डब्यावर अवलंबून आहे.

डीसीओमध्ये सूर क्वार्ट्झच्या ठोक्यावरून मोजून ठरतो, त्यामुळे तो हलत नाही. लहर मात्र सर्किटमध्येच तयार होते आणि पुढचा फिल्टरही ॲनालॉगच असतो. ‘डीसीओ म्हणजे डिजिटल’ असं सांगून कोणी तुम्हाला महागडं व्हीसीओ गळ्यात मारत असेल तर ऐकू नका.

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि लग्नसराई ऐन तेव्हाच असते. मांडवात, पत्र्याखाली, बंद रॅकमध्ये आतलं तापमान त्याहूनही वर जातं. म्हणून स्टेजवर वाजवायचं असेल तर डीसीओच घ्या, यावर मी ठाम आहे. व्हीसीओवर जीव जडलाच असेल तर ते स्टुडिओत ठेवा. सुरू करून वीस-तीस मिनिटं तसंच राहू द्या, मग ट्यून करा, आणि रेकॉर्डिंग चालू असताना एसी मध्येच बंद करू नका. कूलरचा ओला झोत तर यंत्राच्या अंगावर कधीच नको.

३. कोणतं मॉड्यूल कसं वाजतं

सगळी यादी देत नाही, फक्त नेहमी नाव निघतं तेवढीच.

ओबरहाइम एसईएम: दोन व्हीसीओ, एक व्हॉइस. फिल्टर सप्तकाला १२ डेसिबल कापणारा, म्हणजे सौम्य. कापलं तरी वरची धार पूर्ण मरत नाही, त्यामुळे आवाज उघडा आणि भरदार राहतो. लो-पासपासून (वरचं कापणारा) नॉचमधून (मधलं कापणारा) हाय-पासपर्यंत (खालचं कापणारा) एकाच नॉबने सरकता येतं. ऐकायला अप्रतिम, पण दुर्मीळ आणि महाग. पहिलं यंत्र म्हणून याच्या मागे लागू नका.

रोलँड एमकेएस-८०: १९८४ चं, आठ व्हॉइस, प्रत्येकीला दोन व्हीसीओ. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या रोलँडच्या यंत्रांवर राग ध्वनिमुद्रित केले. त्यातल्या ज्युपिटरच्या घराण्यातलं हे मॉड्यूल. आधीच्या आवृत्तीत कर्टिस कंपनीचे ऑसिलेटर आहेत, नंतरच्या आवृत्तीत रोलँडचे स्वतःचे. दोन्हींचे चाहते आपापसांत भांडतात. माझं मत असं की आवृत्तीपेक्षा ते यंत्र आजवर कसं ठेवलं गेलं याने जास्त फरक पडतो.

रोलँड एमकेएस-५०: नवख्यासाठी माझी पहिली पसंती. १९८७ चं, एका रॅक-खणाची उंची, सहा व्हॉइस, प्रत्येकीला एक डीसीओ आणि खालच्या सप्तकातला सब-ऑसिलेटर. एकटा सूर जरा सडपातळ वाटतो, कोरस (आवाज दाट करणारा इफेक्ट) लावला की पसरतो. पुढच्या बाजूला नॉब नाहीत. टोन सोयीने बदलायला पीजी-३०० हा वेगळा डबा किंवा कॉम्प्युटर बरा पडतो.

ओबरहाइम मॅट्रिक्स-१०००: सहा व्हॉइस, प्रत्येकीला दोन डीसीओ, आत १००० टोन. त्यातले २०० आपल्याला बदलून साठवता येतात, बाकीचे कायमचे. टोन संपादित करायचं काम पुढच्या बटणांवरून होत नाही. स्ट्रिंग्ज आणि पॅडला हे फार गोड आहे.

कॉर्ग ईएक्स-८००: स्वस्तातलं, पण यात सगळ्या सुरांना मिळून एकच फिल्टर आहे. एक कॉर्ड धरून वर नवा सूर वाजवलात तर धरलेल्या सुरांचाही रंग बदलू शकतो. बेस आणि लीडला चालतं. पॅडसाठी घ्यायचं असेल तर आधी ऐकून बघा.

४. घेण्याआधी हे ऐका

सौदा मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत असो की गावातल्या जुन्या वादकाकडे, आपला कीबोर्ड, मिडी केबल आणि कान झाकणारा हेडफोन सोबत न्या. विकणाऱ्याच्या स्पीकरवर ऐकून ठरवू नका. यंत्र आधीपासून चालू असेल तर बंद करून पुन्हा चालू करायला लावा, आणि थंड असतानाचं व तापल्यावरचं, दोन्ही ऐका.

पहिली गोष्ट, गुणगुण, म्हणजे हम. काहीही न वाजवता आवाज वाढवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या जवळ. हम त्या सुरात असेल तर दोष बहुधा अर्थिंगचा किंवा केबलचा, म्हणजे किरकोळ. हम त्याच्या एक सप्तक वर, १०० हर्ट्झला असेल तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकले असण्याची शक्यता जास्त. तो खर्च किमतीतून वजा करून मागा. आणि ही तपासणी पांढरी पाचमध्येच वाजवत करू नका, त्या सुरात हम लपतो.

कोरस चालू केल्यावर बारीक ‘स्स्स’ येतो. एमकेएस-५० मध्ये आणि रोलँडच्याच जुनो कीबोर्डच्या घराण्यात तो असतोच. कोरसची चिप विजेचे छोटे छोटे साठे एकाकडून दुसऱ्याकडे सरकवत आवाज उशिरा सोडते, त्यातून हा स्स्स येतो. त्याला दोष धरू नका. कोरस बंद करूनही तो राहिला, किंवा मध्ये कडकड येऊ लागली, तर मात्र सावध व्हा.

दुसरी गोष्ट, आणि हिला घाई करायची नाही: एकेक व्हॉइस मोजा. बहुतेक मॉड्यूल प्रत्येक नव्या सुराला पुढची व्हॉइस देतात. साधा सॉ वेव्हचा (करवतीच्या दात्यांसारखी लहर) टोन घ्या, कोरस बंद करा, आणि एकच पट्टी सावकाश, सारख्या जोराने, डझनभर वेळा वाजवा. सहा व्हॉइसचं यंत्र असेल आणि दर सहावा सूर मुका, घोगरा किंवा जास्तच उजळ निघत असेल, तर एक व्हॉइस गेलेली आहे. जुनो-१०६ या त्याच काळातल्या कीबोर्डची ८००१७ए ही चिप यासाठीच बदनाम आहे. तिच्यावरचं काळं लेपण कालांतराने वीज झिरपू देतं आणि व्हॉइस करकरते किंवा बंद पडते. मग सहा पट्ट्या एकत्र धरा आणि एकेक सोडत जा. शेवटी एकही सूर मागे रेंगाळता कामा नये.

हे करताना दुसऱ्याही गोष्टीकडे लक्ष द्या. चांगल्या मॉड्यूलमध्येही लागोपाठचे सूर तंतोतंत सारखे नसतात. एक किंचित उजळ, पुढचा किंचित मऊ, तिसऱ्याची सुरुवात जरा आधी. एवढा फरक हवाच. त्यामुळेच स्ट्रिंग्जची कॉर्ड धरली की ती आतून हलत राहते. दोष आणि स्वभाव यांतली सीमा अशी ओळखा: टोन बदलला तरी तीच व्हॉइस नेहमी खटकत असेल तर दोष, आणि फरक लक्ष देऊन शोधावा लागत असेल तर तो स्वभाव.

तिसरी गोष्ट, फिल्टर. एक सूर धरून कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून कापायला लागतो ती जागा, सावकाश खाली आणा. आवाज बंद होत जाताना पायऱ्या उतरल्यासारखे टप्पे ऐकू येतात का? बटणवाल्या मॉड्यूलमध्ये थोडे येतात. कुठे चालतील हे तुम्ही ठरवा. संथ पॅडमध्ये ते खुपतात, बेसमध्ये कळतही नाहीत. मग रेझोनन्स, म्हणजे कापण्याच्या जागेवरचा जोर, वाढवा. रोलँडच्या त्या काळातल्या २४ डेसिबलच्या फिल्टरमध्ये रेझोनन्स वाढला की खालचा भार कमी होतो आणि आवाज नाकातून येऊ लागतो. एसईएममध्ये बेस बराच टिकतो, पण तो फिल्टर स्वतःहून शिट्टी वाजवत नाही. कोणता चांगला, हे तुम्हाला काय वाजवायचंय त्यावर ठरतं.

चौथी, झटका. अटॅक (सूर चढायला लागणारा वेळ) शून्यावर आणि डिके (उतरायला लागणारा वेळ) अगदी कमी ठेवून ‘टक’ असा आवाज काढा. १९८० च्या दशकातल्या बऱ्याच मॉड्यूलमध्ये एन्व्हलप प्रोसेसर मोजून देतो, त्यामुळे तो टक जरा बोथट निघतो. ढोल-डफाच्या जोडीला टोकदार आघात हवा असेल तर त्यासाठी अशा मॉड्यूलवर विसंबू नका.

५. वीज: सगळ्यात महाग सापळा

मागची पाटी वाचल्याशिवाय प्लग लावायचा नाही. जपानी बाजारातलं यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकेतलं ११७ किंवा १२० चं, आपली लाइन २३० ची. थेट लावलं तर फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच जळतो. ५० आणि ६० हर्ट्झची काळजी जपानी यंत्राला सहसा करावी लागत नाही, कारण जपानमध्ये दोन्ही चालतात.

स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि इथे बारकाईने बघा. दुकानात सहज मिळतो तो ११० व्होल्टचा. गावाकडे रात्री लाइन २५० ला गेली की ११० चे जवळपास १२० होतात, आणि १०० व्होल्टच्या यंत्राला ते वीस टक्के जास्त पडतात. आतले रेग्युलेटर ही जादा वीज उष्णता करून बाहेर टाकतात. म्हणजे वरून ऊन आणि आतूनही ऊन. १०० व्होल्टच्या यंत्राला १०० व्होल्टचाच ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या. वाइंडिंग करणारा कारागीर तो करून देतो. एका मॉड्यूलला १०० व्हीएचा पुरतो. त्याच्या आधी स्टॅबिलायझर लावा. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर जनरेटर सुरू होऊन स्थिरावल्यावरच मॉड्यूल चालू करा, आणि तो बंद करण्याआधी मॉड्यूल बंद करा.

जपानी प्लग दोन पिनांचा असतो, अर्थ नसतो. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर जाणकाराकडून अर्थिंग करून घ्या. मॉड्यूल आणि मिक्सर एकाच बोर्डवर लावले तर हमचा त्रास निम्म्याने तरी कमी होतो.

६. मिडी जोडणी

कीबोर्डच्या मागे पाच पिनांचं ‘मिडी आउट’ असेल, जसं रोलँडच्या एक्सपीएस-३० कीबोर्डला आहे, तर एका केबलचं काम. तिथून मॉड्यूलच्या ‘मिडी इन’ला जोडा आणि दोन्हींचा चॅनल नंबर एक करा. पहिल्याच दिवशी ‘काही वाजत नाही’ म्हणून घाबरणाऱ्यांपैकी बहुतेकांचा घोळ चॅनलचाच असतो.

घरगुती कीबोर्डला बऱ्याचदा फक्त चौकोनी यूएसबी असतं. ते कॉम्प्युटरसाठी आहे, त्यातून मॉड्यूलला थेट केबल जात नाही. मध्ये कॉम्प्युटर ठेवा किंवा यूएसबी मिडी होस्ट नावाची डबी घ्या.

आणि स्वस्तातली यूएसबी-मिडी केबल. सूर ती नीट पाठवते, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण टोन साठवायला आणि परत भरायला सिस-एक्स नावाचे लांब संदेश जातात, त्यांत अशा केबली मधलेच तुकडे गाळतात. टोनचा बॅकअप घ्यायचा असेल तर चांगल्या इंटरफेसवर खर्च कराच.

७. झाकण उघडण्याआधी

टोन लिथियमच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकतात. ती बदलण्याआधी सगळे टोन सिस-एक्सने कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, नाहीतर गेले. काही यंत्रांत ती थेट बोर्डाला डागलेली असते. डागतानाच होल्डर बसवून घ्या म्हणजे पुढच्या वेळी नुसती काढून घालता येते. बंद केल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. प्लग काढून थोडा वेळ थांबा, आणि तिकडे बोट नेऊ नका. ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा तुमच्या गावातला चांगला मिस्त्री कपॅसिटर बदलू शकतो. व्हॉइसच्या चिपला मात्र त्या यंत्राचा सर्व्हिस मॅन्युअल हातात असल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका.

धूळ झटकायला ब्लोअर, नॉबची खरखर घालवायला कॉन्टॅक्ट क्लीनर. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल अजिबात नाही.

८. कागद आणि सामान

- विकणाऱ्याच्या सहीची पावती, तीवर मॉडेल आणि सीरियल नंबर
- यंत्र चालू असतानाचा व्हिडिओ, सगळ्या व्हॉइस ऐकू येतील असा
- परदेशातून मागवत असाल तर बिल, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. कस्टम ड्युटी आणि वाहतूक धरूनच किंमत ठरवा
- मालकाचं मॅन्युअल आणि सर्व्हिस मॅन्युअल
- स्टॅबिलायझर, योग्य व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर, जादा फ्यूज
- मल्टिमीटर, फिलिप्स पेचकस, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न
- पाच पिनांच्या दोन मिडी केबली (एक नेहमी जाते)

९. पहिले दोन टोन स्वतः बनवा

आतले तयार टोन ऐकून झाले की लगेच हे दोन करा. मॉड्यूल आपलं झाल्यासारखं वाटतं.

क्लॅरिनेट. आपल्या बँडमध्ये कान तयार झालेला असतो, म्हणून इथून सुरुवात. स्क्वेअर वेव्ह घ्या. तिच्यात फक्त विषम हार्मोनिक (मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट असे वरचे सूर) असतात, आणि क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांतही विषमच वरचढ असतात, म्हणून दोघांत तो पोकळ लाकडीपणा येतो. सब-ऑसिलेटर आणि कोरस बंद. कटऑफ मध्याच्या जरा खाली, रेझोनन्स जवळपास शून्य, फिल्टरचा की-फॉलो पूर्ण, म्हणजे वर गेल्यावर आवाज गुदमरणार नाही. अटॅक अगदी थोडा. व्हायब्रेटो उशिरा सुरू होईल असा लावा. मग पल्सची रुंदी कमी करत १०-१५ टक्क्यांवर आणा: लाकडीपणा जाऊन सनईच्या बाजूचा नाकेलपणा येतो. व्हॉइस मोनोवर आणि पोर्टामेंटो चालू केलं की मींडही येते. डीसीओवर तिच्यात बारीक टप्पे ऐकू आले तर पोर्टामेंटोऐवजी पिच व्हीलने काम घ्या.

लग्नाच्या गाण्याचा बेस. सॉ वेव्ह आणि सब-ऑसिलेटर दोन्ही, कटऑफ बराच खाली, फिल्टरवर एन्व्हलप मध्यम, सस्टेन (पट्टी धरून ठेवल्यावर टिकणारी पातळी) कमी, डिके असा ठेवा की पुढचा ठोका पडायच्या आत सूर आटोपेल. हा टोन जमला की ढोलवाला स्वतःहून मान वर करतो आणि म्हणतो, “भाऊ, हाई मस्त वाजस!” बेसला कोरस लावू नका. मांडवातली साउंड सिस्टम बहुधा मोनोवर असते. डावी-उजवी एकत्र आली की कोरसचा पसारा आटतो आणि घरी स्टिरिओत भरलेला वाटलेला बेस तिथे पोकळ होतो. म्हणून स्टेजचे टोन एकाच आउटमधून, एकाच स्पीकरवर ऐकत बनवा, आणि कोरसवाला तोच टोन रेकॉर्डिंगसाठी वेगळ्या नंबरावर साठवा.